पडद्यावर काय काढायचं

सोमवार, ३

वही हिनेच दिली. शाळेतल्या कुठल्याशा मुलाची निबंधाची वही, मागची साठेक पानं कोरी. म्हणाली, "दिवसभर मनातल्या मनात पुटपुटत असता ते इथं लिहा. पाय आणि तुमचं पुटपुटणं, दोन्ही एकदम सोसत नाही मला."

हिचा पाय मोडून आज आठ दिवस झाले. वर्गात तक्ता लावायला स्टुलावर चढली. स्टूल एकीकडे गेलं आणि ही दुसरीकडे. सहा आठवडे प्लास्टर. बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी खाट टाकून दिली आहे. स्वयंपाक, कपडे, फरशी माझ्याकडे. दुपारी शेजारीण डोकावते.

आज कारखान्यात साहेबांनी बोलावलं. साहेब नवीन आहेत, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, बोलायला चांगले. छापील कापडावरची नक्षी काढायचं काम मी एकोणतीस वर्षं करतो आहे. खात्यात पूर्वी पाच जण होतो. आता मी एकटा, आणि पलीकडच्या खोलीत रंग घोटणारे रंगमास्तर.

साहेब म्हणाले, "एका मोठ्या हॉस्पिटलला पडदे हवेत. दोन खाटांच्या मधले. अकराशे खाटा. पाच तारखेपर्यंत तीन नमुने द्यायचेत."

"पुढच्या पाच ना?"

"पुढच्या. आणि हे काम आलं नाही, तर वरच्यांचं म्हणणं आहे की नक्षी बाजारात तयार मिळते, खातं कशाला चालवायचं. मी अडवू शकणार नाही. आधीच सांगितलेलं बरं."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? निवृत्तीला चार वर्षं आहेत, आणि या वयात नक्षी काढणाऱ्याला दुसरीकडे कोण विचारतं.

हिला सांगितलं नाही. प्लास्टर निघेपर्यंत सांगणार नाही.

बुधवार, ५

साहेब कुठलंसं शिबिर करून आले आहेत. आजपासून खात्यात एकाग्रतेचे तास. खिडकीच्या खालच्या काचांना पांढरा कागद चिकटवला. रेडिओ गेला. फोन खणात. पन्नास मिनिटं काम, घंटा, दहा मिनिटं सुट्टी, परत घंटा. रंगमास्तर म्हणाले, "शाळेत पाठवलंय रे पुन्हा. डबा खायची घंटा तेवढी मोठ्यानं वाजवायला सांग."

पण खरं लिहायचं तर मला पटलं. माझं लक्ष अलीकडे उंडारतं. पेन्सिल हातात असते आणि मी गवळ्याला दूध वाढवून सांगितलं का याचा विचार करत असतो. कोणी तरी धरून बसवायला हवंच होतं.

फक्त हात धुवायच्या बेसिनशेजारची टाचणफळी काढली, ते जरा लागलं. मला हे काम शिकवणारे गुरुजी नवी नक्षी तिथे टाचायला लावत. मुद्दाम पाहायची नाही. हात पुसता पुसता नजर जाईल तेवढीच. म्हणायचे, नक्षीनं तुला हाक मारली, तर समज तिच्यात खोट आहे. साहेबांचं म्हणणं, आता सगळं स्क्रीनवर मोठं करून दिसतं, भिंत कशाला अडवायची. तेही खरंच.

शनिवार, ८

पहिला नमुना झाला. पानांचा. नाजूक देठ, दोन हिरवे, एक करडा. चार दिवसांत. असं काम कित्येक वर्षांत झालं नव्हतं. साहेब मागे उभे राहून म्हणाले, "बघा, लक्ष दिलं की काय होतं." मला शाबासकी मिळालेल्या पोरासारखं वाटलं. या वयात.

घरी आलो तर भात खालून लागला. हिने तसाच खाल्ला.

रविवार, ९

पानांचा छापलेला तुकडा घरी आणून हिच्या खाटेसमोर दोरीवर टाकला. वॉर्डातले लोकही असेच पडून बघणार, म्हटलं बघू.

"छान आहे," ही म्हणाली. मी भांडी घासायला गेलो. वीसेक मिनिटांनी हाक आली.

"अहो, हा जिना कशाला काढलात?"

"जिना कुठला? पानं आहेत ती."

"पानं आहेत, पण जिना वर चाललाय. इथून असा, असा, आणि वर. आता मला पानं दिसतच नाहीयेत. सतरा पायऱ्या आहेत."

नक्षीचा एक चौकोनी तुकडा काढायचा आणि तोच शेजारी शेजारी छापत जायचा, असं हे काम असतं. तुकड्याच्या कडा अचूक जुळवता येतात. पण तुकडे हजार झाले की न काढलेली रेघ आपोआप उमटते. मला स्क्रीनवर ती दिसली नव्हती. आता दोरीवर बघितलं तरी लगेच दिसेना. हिने बोट करून दाखवला तेव्हा दिसला, आणि मग जाईना.

"आपल्या या खिडकीच्या पडद्यालासुद्धा आहे," ही म्हणाली. "दर तिसऱ्या फुलाला एक पाकळी कमी आहे. अकरा वर्षं घरात आहे, कधी बघितलं नव्हतं. आता सकाळी डोळा उघडला की आधी ते फूल शोधते. काढलंय कोणी हे?"

कोणी काढलंय ते तिला माहीत आहे.

गुरुवार, १३

जिना मोडला. देठ वळवले, चार पानं हलवली. तर आता आडवा पट्टा पडतो. पट्टा मोडला, की परत जिना. पन्नास मिनिटं टक लावून बघतो, घंटा होते, दहा मिनिटं डोळे मिटून बसतो, परत बघतो. जितकं जास्त बघावं तितकं ते पान पान राहत नाही.

शेवटी जिना इतका बारीक केला की मलाही सापडेना. नमुना एक म्हणून दिला. नमुना दोन चौकटींचा करणार आहे. चौकटीत लपवण्यासारखं काही नसतं.

संध्याकाळी घरी खुर्ची दारापाशी सापडली. सकाळी खिडकीपाशी होती. शेजारीण सरकवते वाटतं. तिला सांगायला हवं, काळोखात पायात येईल.

रविवार, १६

आजचा दिवस पूर्ण वाया. सकाळी चौकटी संपवायच्या म्हणून कागद घरी आणले होते. आधी म्हटलं आतल्या खोलीची फरशी पुसून घेऊ. पुसली, आणि फडकं पिळत उभा राहिलो. पाणी कडेकडेनं सुकत आत आत येत होतं. कुठे मोठा डाग, कुठे लहान. दोन डाग एकमेकांपासून सुटत, एखादा मध्येच बारीक होऊन तुटे. कपाटाखालचा सगळ्यात शेवटी सुकला. तिकडे गॅसवर दूध.

"दूध!" बाहेरच्या खोलीतून ओरड. ओरडायला पाय लागत नाही.

सगळं उतू गेलं होतं. शेगडी धुण्यात अर्धा तास. ही म्हणाली, "काय करत होतात एवढा वेळ?" "फरशी," म्हटलं.

चौकटी तशाच राहिल्या. साहेब म्हणतात ते बरोबर आहे, माझ्या मनाला घरी घंटा नाही.

मंगळवार, १८

चौकटींचा नमुना दिला. सरळ, स्वच्छ, तुरुंगासारखा. साहेबांना आवडला.

तिसरा सुचत नाही. आज सहा घंटा झाल्या. कागद कोराच आहे. पांढऱ्या कागदाच्या खिडकीखाली पांढरा कागद घेऊन बसलो होतो. साहेब दोनदा डोकावले. दुसऱ्यांदा मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक होतंच.

रात्री हिने विचारलं, "कारखान्यात सगळं ठीक ना?"

"अगदी."

"असं होय," म्हणाली आणि कूस बदलली. प्लास्टर घेऊन कूस बदलायची म्हणजे पाच मिनिटांचं काम आहे. तरी बदलली.

गुरुवार, २०

रंगमास्तरांनी सुट्टीत बाहेर काढलं. मागच्या अंगणात पिंपांवर बसून चहा प्यायलो. घंटा वाजली. मी उठू लागलो तर म्हणाले, "बस रे. दोन घोट राहिलेत. चहा सांडायचा नसतो, साहेबांना सांग मी म्हणालो."

मग ते त्यांच्या गुडघ्यांविषयी बोलत बसले. मी हो हो करत होतो. हातात रंगाच्या नमुन्याची चिठ्ठी होती. तिच्या मागे पेन्सिल फिरत होती. गुडघ्यांचं संपलं तेव्हा चिठ्ठी भरली होती. नुसते डाग. एकसारखा एकही नाही. काही सुटे, काही चिकटायच्या बेतात, काही बारीक होत गेलेले. मध्ये भरपूर मोकळं.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"कुणास ठाऊक. नदीतल्या गोट्यांची चित्रं असलेलं एक पुस्तक बघितलं होतं लहानपणी, त्यातलं असेल."

"करडा घालून देऊ? थोडा हिरव्याकडे झुकलेला?"

तिसरा नमुना नाही तर नाही, हा भरीला घालू.

सोमवार, २४

हे डाग दिसतात तेवढे सोपे नाहीत. चिठ्ठीवर बोटभर जागेत ठीक होते. दीड हात रुंद तुकड्यात बसवायचे, आणि तो तुकडा चारी बाजूंनी स्वतःला जोडायचा, म्हणजे एक डाग इकडे सरकवला की चौदा डाग तिकडे कुरकुरतात. शुक्रवारपासून तेच चाललं आहे. आता मात्र साहेबांची घंटा उपयोगी पडते आहे. फोन खणात आहे हेही बरं. पन्नास मिनिटं कधी गेली कळत नाही, दोनदा तर घंटा ऐकूच आली नाही.

हिला दुपारी फोन करायचा विसरलो. कामाच्या सलग तिसऱ्या दिवशी. रागावली नाही. उलट म्हणाली, "नका करत जाऊ, मी काही पळून जात नाही." चेहरा मात्र घामेजलेला होता. ताप बघितला, नव्हता.

खुर्ची आज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होती.

गुरुवार, २७

तोंड सापडलं. डागांच्या नक्षीत ते असतंच. दोन डाग डोळे होतात, खालचा तोंड होतो, आणि छापल्यावर तोच इसम हजार ठिकाणी बघत बसतो. आजारी माणसाला तर आधी तोंडंच दिसतात. मला ते मुद्दाम शोधून सापडलं नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर तुकडा बेसिनशेजारी टाचला, हात धुतले, आणि टॉवेल शोधता शोधता कोणी तरी बघत असल्यासारखं वाटलं.

साहेब किल्ली विसरले म्हणून परत आले होते. टाचलेला कागद बघून म्हणाले, "भिंत स्वच्छ ठेवायचं ठरलं होतं ना?"

"काढतोच आहे."

"हे काय, ढग?"

"नमुना तीन."

जरा वेळ बघून म्हणाले, "काम पूर्ण झालं की दाखवा." त्यांना पूर्ण वाटला नाही.

शनिवार, २९

तोंड गेलं. त्यासाठी एकतीस डाग हलवले. मान धरली आहे, डोळ्यांत वाळू. शुक्रवार ते शनिवार नऊ दिवस झाले. कडा जुळल्या, रेघ नाही, पट्टा नाही. आता मलाही त्यात काही दिसत नाही, आणि हेच बरोबर नसेल असं वाटतं.

रविवार, ३०

डागांचा तुकडा दोरीवर टाकला आणि भांडी न घासता हिच्यासमोरच बसलो.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग एकदा खाली फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ दाबले.

"कसा आहे?"

"फिका आहे. ठीक आहे." मग म्हणाली, "बघा, मला एक आठवलं. सहावीतली ती बुटकी मुलगी, जी कधी बोलायची नाही. मी पडले तेव्हा सगळी पोरं हसली, एकटी ती रडली. तिला मी अजून एक चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही." मग तिच्या आईचा विषय निघाला. तिथून हिच्या आईचा. ती शेवटी शेवटी भिंतीशी बोलायची ते. कितीतरी वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता. अर्धा तास, पाऊण तास. मी मध्ये पडद्याची आठवण द्यायला बघत होतो, पण ती परत तिकडे वळेचना.

शेवटी म्हणाली, "तुमचं खातं बंद होणार आहे ते मला माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"रंगमास्तरांच्या बायकोनं. दहा तारखेला. तुम्ही कधी सांगता बघत होते."

"पाय बरा होऊ दे म्हटलं."

"पाय होईल तेव्हा होईल. शाळेत विचारलंय मी, बसून शिकवायला चालेल का. उभं राहता येतं मला, खुर्ची धरून. आज न्हाणीघरापर्यंत गेले."

मग मी रागावलो. कशाबद्दल रागावलो ते आता आठवत नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं वगैरे बोललो. ती म्हणाली, "दोघांपैकी एकानं लपवायचं असं ठरलं होतं का? मग आधी सांगायचं."

निजताना लक्षात आलं, पडद्याचं राहूनच गेलं. एका शब्दात 'फिका' म्हणून मोकळी झाली. तिसरा नमुना फसला म्हणायचा.

शुक्रवार, ५

तिन्ही दिले. पानं वर, चौकटी मध्ये, डाग खाली. साहेबांनी विचारलं, "तिसरा पाठवायचाच का?" म्हटलं तीन मागितलेत, तीन जाऊ देत. हॉस्पिटलवाले आठवडाभर खरोखरच्या वॉर्डात टांगून बघणार आहेत.

माझ्याकडे आता काही काम नाही. घंटा वाजते आणि मी बसतो.

मंगळवार, ९

हिचं प्लास्टर काढलं. पाय काडीसारखा झाला आहे. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "चालण्याची घाई केली का?" आम्ही दोघांनीही नाही म्हटलं.

शनिवार, १३

हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. उंच, दमलेल्या बाई. खुर्चीत बसल्याबरोबर चपलेतून पाय बाहेर काढले. साहेबांनी मलाही बोलावलं. रंगमास्तर रंगाचा डबा देण्याच्या निमित्तानं दारात उभे.

सिस्टर म्हणाल्या, "पानांचा सगळ्यांना आवडला. छान आहे, छान आहे, म्हणाले. तिसऱ्या दिवशी एक आजोबा म्हणाले, पडदा बदला, मी रात्रभर चढतोय. चौकटीवाल्या खाटेवरची बाई चौकटी मोजायची. नर्स इंजेक्शन द्यायला गेली की हिचा हिशेब चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून."

"आणि तिसरा?" साहेब.

"तिसऱ्याचं कोणी काही बोललं नाही."

मी टेबलाकडे बघत राहिलो.

"मी मुद्दाम विचारलं. आठ दिवस पडून होते दोघे जण त्याच्यासमोर. एकाला विचारलं, पडद्यावर काय आहे? तो म्हणाला, पडद्यावर काही आहे का? दुसऱ्यानं सांगितलं हिरवं काही तरी. आणि मग मला त्याच्या गावाबद्दल सांगत बसला, मला बारा खाटा बघायच्या होत्या." त्यांनी पाय परत चपलेत घातले. "तिसराच द्या. अकराशे."

साहेब म्हणाले, "पण कोणाच्या लक्षातच राहिला नाही म्हणता."

"आजारी माणसाच्या डोक्यात तशीही जागा कमी असते हो," सिस्टर म्हणाल्या.

म्हणजे काम आलं. खातं राहिलं. मास्तरांनी दारातून डबा वर करून दाखवला. मी घरी येऊन हिला सांगितलं, तर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "एकोणतीस वर्षांत पहिलं काम, जे कोणाला दिसलं नाही." मी हसलो. मग जेवण न करताच झोपलो. पहाटेपर्यंत कूसही बदलली नाही म्हणे.

सोमवार, १५

साहेब खुशीत होते. पुढचं काम लगेच घेतलं आहे, त्याच हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डाचं. विचारलं, "हा डागांचा काढायला किती दिवस लागले?"

"नऊ," मी म्हटलं. खरंच नऊ लागले.

त्यांनी फळ्यावर लिहिलं: एक नक्षी, नऊ दिवस. तिन्ही मिळून सत्तावीस. मान हलवली. "म्हणजे यापुढे महिन्याला तीन निघायला हरकत नाही."

चहाच्या वेळी मास्तरांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "नऊ कशाला सांगितलेस? मला विचारतात, रंगाला किती वेळ? मी दोन दिवस सांगतो. घोटायला तास लागतो. मग डबा झाकून ठेवावा लागतो, नाही तर दुसऱ्या दिवशी रंग दुधासारखा फाटतो. झाकून ठेवलेला वेळ मी मोजणीतून कधीच सोडत नाही. तू पेन्सिल हातात होती तेवढेच दिवस मोजलेस?"

तेवढेच मोजले होते. एकोणतीस वर्षं तेवढेच मोजतो आहे.

मंगळवार, १६

सकाळी साहेबांकडे गेलो. म्हटलं, नऊ चुकून सांगितले, तीस धरा.

"तीस? बाकीचे एकवीस दिवस काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही हे मी वर काय म्हणून लिहू?"

मास्तरांच्या डब्याचं सांगितलं. साहेब बराच वेळ पेन फिरवत होते. त्यांना पटलं असं नाही, पण पाच तारखेला तिसरा नमुना तेच मागे ठेवायला निघाले होते, ते त्यांना आठवत असावं. शेवटी अठरावर तुटलं. फळ्यावरचं नऊ पुसून अठरा लिहिलं. "अठरा दिवस इथं बसूनच ना पण?" म्हणाले. म्हटलं, शक्यतो.

मुलांच्या वॉर्डाचा पहिला दिवस आज संपला. काही काढलं नाही. घरी येऊन बटाटे सोलायला बसलो. काय विचार करत होतो ते सांगता यायचं नाही. ही काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"अहो, आपण दोघंच आहोत ना जेवायला?"

खाली बघितलं तर पाच किलोची पिशवी रिकामी होती. बटाटे सगळे सोललेले.

मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात घालून ठेवले.